पॅन्झीचा घट

माझ्या तोंडाला भूममध्ये सगळेच घाबरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेता घेता तोंडाचा पट्टा असा काही सुटला, की निवृत्त झाल्यावरही आवरता आला नाही. एसटीचा कंडक्टर, आठवडी बाजारातला कांदेवाला, तपासणीला आलेला साहेब, कुणाचीच भीड मी कधी ठेवली नाही. आणि हेच तोंड ज्या सकाळी उघडायला हवं होतं, त्या सकाळी मिटून राहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी कीव करायला नको.

माझा एकुलता एक मुलगा चैत्रात गेला. मोटारसायकल, बार्शीचा रस्ता, पुढं उसाची ट्रॉली आणि तिला मागं दिवा नाही. एवढंच सांगते, जास्त सांगवत नाही. त्याचे वडील त्याच्या कितीतरी वर्षं आधी गेलेले. घरात उरलो दोघीच, मी आणि माझी सून. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं त्यांच्या.

ती लोहाऱ्याकडची. माहेरी शेती, बोलताना मधेच एखादा कानडी शब्द यायचा आणि आपला आपणच हसायची. भांडायची अजिबात नाही, याचा मला सुरुवातीला रागच यायचा. भांडणाऱ्या माणसाशी माझं बरं जमतं. पण मुलगा गेल्यावर तिनं मला जेवायला घातलं, मी तिला घातलं, असं करत करत आम्ही दोघी जगलो.

दहाव्याला बाया जमल्या होत्या. आमच्या शेजारणीनं डोळ्याला पदर लावून जवळ बसलेल्या बाईला सांगितलं, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पायगुण असतो बाई एकेकीचा. चांगलं सोन्यासारखं लेकरू."

मी उठलेच. "पाय तुमचे बघा आधी. आणि आजपास्नं ते माझ्या उंबऱ्याच्या आत टाकू नका."

तिनं नाही टाकले. पण ती जे बोलली ते आत येऊन बसलंच होतं. वैशाखात आमची तुळस वाळली. आता भूमसारख्या गावात वैशाखात कुणाची तुळस वाळत नाही? सून म्हणाली, "मी पाणी घालत होते ना, म्हणून." दूध नासलं, तेव्हाही आपल्या हातांकडं बघत बसली. मी चिडायचे, शहाणी झालीस का, शिकलेली आहेस, असलं काय मनात घेतेस? ती मान हलवायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

भाद्रपदात तिच्या नावानं एक पाकीट आलं. तिनं मोबाईलवरून बी मागवलं होतं. पाकिटावर फुलांचं चित्र, जांभळी, पिवळी, पांढरी, तांबूस फुलं, आणि प्रत्येकाच्या मधोमध काळे फराटे.

"अगं, ही फुलं हायत का मांजराची तोंडं?" मी म्हणलं. "मिशा बी हायत की!"

"पॅन्झी म्हणतात, आई. महाबळेश्वरला आमच्या हॉटेलच्या दारात होत्या. कुंड्याच कुंड्या." लग्नानंतर दोघं तिथं गेले होते.

मग ती कामाला लागली, आणि मला बरं वाटलं. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी विटा तिरक्या रोवून तिनं अरुंद वाफे केले. तेलाचे आणि रंगाचे रिकामे डबे गोळा केले, खिळा आणि दगड घेऊन त्यांच्या बुडाला भोकं पाडली. व्हिडिओ बघून बघून एका शाळेच्या वहीत सगळं उतरवलं. नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवायचा, त्यात चाळलेलं गांडूळखत मिसळायचं, खणाखणाच्या ट्रेमध्ये भरायचं. बी खसखशीहून जरासंच मोठं. आगपेटीची काडी ओली करून तिच्या टोकानं एकेक दाणा उचलायचा, एकेका खणात ठेवायचा, वर भुशाची नुसती चिमूट टाकायची. अर्धं पाकीट तिनं तसंच ठेवून दिलं. शेजारणीनं भिंतीवरून बघितलं आणि म्हणाली, पितरांच्या पंधरवड्यात कुणी बी टाकतं का? मी म्हणलं, रानात ज्वारीची पेरणी चाललीय ती काय पितरांना विचारून? तिकडं जाऊन सांगा की.

आता अडचण अशी, की या बियाला रुजेपर्यंत उजेड चालत नाही आणि उकाडाही चालत नाही. आमच्या स्लॅबच्या घरात गार आणि अंधारी म्हणावी अशी एकच जागा, देवघर. खिडकी नाही, खाली शहाबादी फरशी. आणि त्या वर्षी तिथला कोपराही रिकामाच राहणार होता. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, घट नाही.

"आई, इथं ठेवू? चालंल का?" तिनं विचारलं.

"ठेव की. तुळजापूरच्या आईला फुलांचं वावडं हाय का?"

तिनं ट्रे कोपऱ्यात ठेवला, वर वर्तमानपत्र झाकलं. पाणी घालायच्या फवाऱ्याची बाटली शेजारी ठेवली आणि मला बजावलं, "पाणी मीच देईन, आई. वरनं ओतायचं न्हाय, नुसतं फवारायचं. मोजून बारा दाब." मग उंबऱ्यावरच टेकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हसू नका. हे उगवून जगलं ना, तर मी मानीन की माझ्या हातात काय दोष न्हाय. मग कुणी काय बी म्हणू दे. आणि न्हाय जगलं, तर ते बी मानीन."

मी म्हणलं, "येडपट कुठली." पण तिची सगळी उमेद त्या खणांत होती, आणि मला ते पुरतं कळलं होतं.

घटस्थापनेच्या दिवशी पहाटे जाग आली. अंघोळ झाली. दारोदार पत्रावळीवर रानातली माती पसरली जात असणार, गहू, ज्वारी, हरभरा पेरला जात असणार, आणि आमच्या घरात काही नाही. चाळीस वर्षं मी घट बसवलाय. सासूनं शिकवलं होतं, नऊ दिवस माती ओली राहिली पाहिजे, वाळली तर घराला बरं नाही. घट दाट उगवला की म्हणायचं, यंदा रान पिकणार, घर भरणार. तांब्या हातात होताच. देवघरात गेले. कोपऱ्यात ट्रे. मी वर्तमानपत्र उचललं आणि कडेकडेनं पाणी सोडलं.

त्या दिवशी हात आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी आपोआप गेला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या माळेला मी ठरवून उठले. मनात म्हणलं, हाच आपला यंदाचा घट. आई भवानी, एवढं उगवू दे. पोरीचं मन उभं राहू दे. आणि खरं सांगते, त्या काळोखात तांब्यातलं पाणी मातीत जिरताना ऐकलं की मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच मला घरात आहोत असं वाटायचं. ती उठायच्या आत मी वर्तमानपत्र होतं तसं ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आज ओल जास्त वाटती."

"हवा दमट हाय," मी म्हणलं. "हस्ताचा पाऊस पडतोय, ओल ऱ्हाणारच."

का बोलले असं? हात लावू नका म्हणून तिनं बजावलं होतं आणि मी लावला होता, याची लाज. आयुष्यभर पोरांना 'खोटं बोललास तर याद राख' म्हणून दम दिलेली मी बाई. पण एवढंसं खोटं, वाटलं, त्यात काय.

सहाव्या माळेला तिची हाक आली. "आई! अवो आई, या लवकर!" मला वाटलं साप निघाला. धावत गेले तर ती गुडघ्यांवर बसलेली, मोबाईलचा उजेड ट्रेवर धरलेला, आणि खणाखणांत पांढरे बारीक आकडे वर आलेले. एकेकाच्या डोक्यावर अजून बियाचं टरफल होतं. ती हसत होती. चैत्रापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मी तिच्या गालावरून हात फिरवून कडकडा बोटं मोडली आणि आत जाऊन रडून घेतलं.

रुजल्यावर उजेड लागतो म्हणून ट्रे मागच्या ओसरीत हिरव्या जाळीखाली गेला. ती दिवसातून दोनदा बसायची, बारा दाब मोजायची. आणि मी? मी थांबायला हवं होतं. उगवलं होतं ना? पण घट अर्ध्यात कुणी सोडत नाही. नऊ माळा म्हणजे नऊ माळा. मी पहाटे तांब्या घेऊन ओसरीत जात राहिले.

दसऱ्याच्या सकाळी सगळी रोपं आडवी होती.

एकही उभं नव्हतं. पानं अजून हिरवी, पण देठ मातीला टेकतो तिथं दोऱ्यासारखा बारीक, पाणचट, काळा पडलेला. ती ट्रेसमोर उकिडवी बसली होती. रडत नव्हती. वही मांडीवर उघडी होती.

"मर लागली," ती म्हणाली. शेतकऱ्याच्या घरची पोर, तिला बघताक्षणी कळलं. "पाणी जास्त झालं की लागती. पण मी तर नुसतं फवारत होते, आई. मोजून. तुम्ही बघितलंय." मग तिनं मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "बघितलंय ना तुम्ही?"

माझ्या तोंडात सगळं होतं. अगं, पाणी मी घातलं. तांब्यानं घातलं, नऊ दिवस घातलं. एवढंच म्हणायचं होतं. ती माझ्यावर चिडली असती, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भांडली असती, आणि सुटली असती. पण मला तिचा तो चेहरा दिसला आणि वाटलं, माझ्या मुलानंतर मला माणूस म्हणून ही एकच उरलीय, हिच्याही नजरेतनं उतरले तर मी कुठं जाऊ? भीती वाटली मला. सरळ सरळ भीती.

"बघितलंय," मी म्हणलं. "बाराच दाब देत होतीस."

तिनं वही मिटली. "मग माझा हातच."

त्यानंतर मी काय कमी बोलले? हवा खराब, बी खोटं, कंपनी चोर, जाळी दाट, सगळ्यांवर खापर फोडलं. तासभर बोलले. ती शांतपणे ऐकत होती, आणि मला ठाऊक होतं की जे बोलायला हवं त्याच्याभोवतीच मी गोल गोल फिरतेय. उरलेलं अर्धं पाकीट होतं, परत टाकू म्हणलं, तर म्हणाली, "कशाला उगं जीव मारायचे?"

दिवाळीनंतर तिचे वडील आले. भले गृहस्थ. चहा घेताना चारदा खाकरले आणि म्हणाले, "विहीणबाई, घेऊन जावं म्हणतो. तुमची ना न्हाय ना?" मी काय ना म्हणणार? सत्तावीस वर्षांची पोर, माझ्या म्हातारपणाला काय बांधून ठेवायची होती? जाताना ती माझ्या पाया पडली, वही आणि उरलेलं बी ओट्यावर ठेवलं. म्हणाली, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं मरंल." जीप वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. विटांचे वाफे दोन्ही बाजूंना रिकामे होते.

मी ते बी टाकलं. का टाकलं ते मला नीट सांगता येणार नाही. शिक्षाच म्हणा. तिच्या वहीत लिहिल्याबरहुकूम सगळं केलं, काडीच्या टोकानं दाणे ठेवले, म्हातारे डोळे फुटायची पाळी आली. बारा दाब. एक जास्त नाही. उगवली. उजेडात ठेवली. चार चार पानं आल्यावर वाफ्यांत, डब्यांत आणि घरातल्या दोन कुंड्यांत लावली. मार्गशीर्षात, पौषात थंडी चांगली पडली आणि रोपांनी अंग धरलं. एकही मेलं नाही म्हणलं तरी चालेल. तिनं लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. नुसता तांब्या मधे आला नसता, तर हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं असतं.

माघात फुलं आली. फाटकापासून दारापर्यंत जांभळी, पिवळी, तपकिरी तोंडं माझ्याकडं बघत उभी. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. कॉलेजच्या पोरी फोटो काढायच्या. लोक म्हणायचे, बाई, काय नशीबवान हात आहे तुमचा! मला वाटायचं पायताण घालावं आणि सगळं तुडवून काढावं.

अशात तिच्या वडिलांचा फोन आला. एक स्थळ आलं होतं. शाळेत मास्तर, बायको वारलेली, स्वभावानं गरीब, पोरीला बघून गेलेला, त्याला पसंत. "सगळं जुळतंय, विहीणबाई. पण ही नको म्हणती. म्हणती, त्या माणसाचं वाटोळं कशाला करू. माझा हात लागला की काय बी ऱ्हात न्हाय, म्हणती. तुमचं ऐकती ती. तुम्ही जरा सांगा."

फोन ठेवला आणि कळलं, आता तोंड उघडायलाच हवं. तरीही माझी अक्कल बघा. वाटलं, फुलांचा फोटो पाठवू, बघून तिला उमेद येईल, बी चांगलं होतं, पद्धत चांगली होती, हे तिचं तिलाच कळेल. माझ्या तोंडून काही निघायला नको. पाठवला फोटो. तिचं उत्तर लगेच आलं, "आई किती सुंदर आली. तुमच्या हाताला यश आहे. मी तिथं नव्हते तेच बरं झालं."

करायला गेले काय आणि झालं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक भरलेली कुंडी उचलली आणि धाराशिवची गाडी धरली. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, मांडीवरच्या पावण्याचं तिकीट फाडू का?" एरवी त्याची सात पिढ्यांपर्यंत उजळणी केली असती. मी नुसती खिडकीबाहेर बघत बसले. तोंडातल्या तोंडात तेच वाक्य घोकत होते, पाणी मी घातलं, पाणी मी घातलं, पोरं पाढे घोकतात तसं. धाराशिवला गाडी बदलली, लोहाऱ्यातून पुढं माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. पोचेपर्यंत ऊन चढलं होतं आणि फुलांच्या माना खाली गेल्या होत्या.

ती अंगणात ज्वारी पाखडत नव्हती, निवडत नव्हती, नुसती खाटेवर बसली होती. मला बघून धावत आली. वाळली होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. कुंडी खाली ठेवली, तिला समोर बसवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं. पहिल्या माळेपासून. तांब्या, पहाट, घट, ओल जास्त वाटती म्हणलीस तेव्हा मी काय बोलले, दसऱ्याला तू विचारलंस तेव्हा मी काय बोलले. "तुझा हात चांगला हाय, बाई. रोपं मी मारली. मी. तू लग्न कर, संसार कर. मला काय शिव्या घालायच्या त्या घाल."

ती ऐकत राहिली. मधेच तिचे डोळे भरून आले. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन, लहान पोराची समजूत काढावी तशी हसली.

"आई, बाबांनी फोन केला व्हता ना तुम्हाला?"

"व्हय, केला व्हता. पण त्याच्यामुळं न्हाय—"

"इतक्या लांब आलात, माझ्यासाठी. आणि एवढा आळ स्वतःवर घेताय." ती मान हलवत होती. "तुम्हाला खोटं बोलायला जमत न्हाय, आई. त्या दिवशी माझ्यादेखत म्हणलात की, बाराच दाब देत होतीस म्हणून. तुम्ही कधी खोटं बोलला असता का माझ्याशी?"

मी शपथ घेतली. मुलाची घेतली. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, नका म्हणाली, मेलेल्या माणसाची शपथ घेऊ नका माझ्यापायी. मी ओरडले सुद्धा, अगं मूर्खे, खरं सांगतेय मी! आतून तिची वहिनी डोकावून गेली. सून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, कळतंय मला, आई, कळतंय.

मग तिचं लक्ष कुंडीकडं गेलं. माना टाकलेल्या फुलांकडं ती बराच वेळ बघत होती, आणि मी मनात म्हणत होते, उचल, एकदा उचल. ती दोन पावलं मागं सरली, दोन्ही हात ओढणीत घेतले आणि आत हाक मारली.

"वहिनी, तेवढं ह्या कुंडीला पाणी घाला. मी न्हाय लावत हात."